कराचीचं पान

आबासाहेबांच्या बंगल्यातल्या बैठकीत जाऊन बसलं की पुंजारामला आधी झोप यायची. मळेवाडीहून नगरला पोचेपर्यंत एस्टीत उभं राहून पाय भरून आलेले असत, आणि खासदार पूजेला बसलेत, खासदार फोनवर आहेत, असं ऐकता ऐकता दुपार व्हायची. पंख्याखाली गादीवर टेकायला मिळायचं, तेवढंच काय ते सुख. त्या हिवाळ्यात त्याच्या इतक्या खेपा झाल्या की बंगल्यातला गडी त्याला न विचारताच पाण्याचा तांब्या आणून ठेवू लागला. साठीला आलेला माणूस. डोक्याला पटका, धोतराला एस्टीतली धूळ, आणि तोंडात सदानकदा एकच प्रश्न, दिल्लीचं काही कळलं का.

मळेवाडी म्हणजे सोनईच्या अलीकडचं पानमळ्यांचं लहानसं गाव. मळेवाल्यांची तिथं एक सोसायटी होती. तिचं चेअरमनपद कुणालाच नको होतं, म्हणून ते पुंजारामच्या गळ्यात पडलं होतं. काम असं फारसं नव्हतंच. पासष्टची लढाई होईपर्यंत मात्र होतं. तेव्हा मळेवाडीचं पान मुंबईला जाऊन बोटीत चढायचं आणि कराचीला उतरायचं. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला कोवळं, जिभेवर विरघळणारं पान लागतं. तसलं पान बोटीवर दोन दिवसांत काळं पडून जायचं. म्हणून कराचीसाठी पान वेलावरच धरून ठेवायचे. खुडायची वेळ झाली तरी खुडायचं नाही, चांगलं जाड, काळपट, हाताला चामड्यासारखं लागेपर्यंत त्याला पाणी देत राहायचं. असं पान करंडीत कितीही दिवस तग धरी. गावातल्या बायका एखाद्या चिवट सासूला कराचीचं पान म्हणायच्या, ते यावरूनच.

लढाई झाली आणि व्यापार बंद पडला. दिल्लीतल्यांनी आणि तिकडच्यांनी मिळून तो बंद केला. एवढ्या एकाच गोष्टीत दोघांचं एकमत झालं असावं. मळेवाडी निमूटपणे पुण्याच्या कोवळ्या पानावर आली. मग एकाहत्तर साली पुन्हा लढाई झाली, बांगलादेश वेगळा झाला आणि कराचीला पूर्वेकडून जाणारं पानही तुटलं. पुढच्या वर्षी जुलैत सिमल्याला दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी करार केला. पेपरात आलं की आता हळूहळू व्यापारही सुरू होईल. मळेवाडीत तो पेपर इतक्यांनी हाताळला की घडीवर फाटला.

दसऱ्याला आबासाहेब सोनं वाटायला गावात आले होते. सोसायटीच्या पडवीत बसून ते म्हणाले की बोलणी कधीही सुरू होतील, माल तयार ठेवा, आयत्या वेळी पळापळ नको. पुंजारामनं ते घरोघर सांगितलं, आणि गावानं पान धरलं. आसपासच्या गावांनी तसलं काही केलं नाही. पाऊस दगा देऊन गेला होता, विहिरी तळाला चालल्या होत्या. शहाण्यांनी असेल ते पान खुडून विकलं आणि वेल आधाराच्या शेवरीच्या झाडांवरून उतरवून, वेटोळी करून मातीखाली निजवला. तसा निजवलेला वेल थोडक्या ओलीवर जीव धरतो. मळेवाडीनं मात्र विहिरीतलं उरलंसुरलं पाणी धरलेल्या पानांना पाजलं. गावातली तरणी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि म्हातारी माणसं घागरी वाहून कराचीच्या गिऱ्हाइकाची बडदास्त ठेवायची. ते गिऱ्हाईक कुणी पाहिलेलं नव्हतं.

आता संक्रांत होऊन गेली होती. पान जाड झालं होतं, पुण्याला कुणी फुकट घेतलं नसतं. आणखी थोडे दिवस गेले की ते पिवळं पडणार, आणि तोवर विहिरी आटल्या की वेल निजवायलाही ओल उरणार नाही. मग मळेच जाणार. पानमळा लावायचा म्हणजे आधी शेवरी वाढवायची, मग वेल, असं पाच-सहा वर्षांचं काम. पुंजारामच्या वयाच्या माणसाला ते पुन्हा जमण्यातलं नव्हतं. आणि गावानं हे सगळं केलं होतं ते आबासाहेबांच्या शब्दावर नव्हे, तर पुंजारामच्या. आबासाहेबांना कोण ओळखत होतं! पुंजाराम रोजचा होता.

त्या दिवशी आबासाहेब बैठकीत आले ते थकलेले दिसत होते. दिल्लीहून दिवसरात्रीचा प्रवास करून आले होते. पुंजारामला त्यांचा रागही धडपणे येईना. त्यांनी गड्याला चहा सांगितला, दार लोटून घेतलं आणि प्रथमच मोकळेपणानं बोलले.

“पुंजाराम, दिल्लीत कुणाला व्यापार नकोय असं समजू नका. कापूसवाल्यांना हवाय, चहावाल्यांना हवाय. मी ज्या साहेबाकडे गेलो होतो तो म्हणाला, पान व्यापाराच्या यादीत घालू, पण तुमच्या भागातून मागणी आलीय असं तुम्ही उघड बोला. आता उघड बोलायचं कुणी? जो पहिला तोंड उघडेल त्याला दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचा जावई म्हणतील.”

पुंजाराम म्हणाला की मळेवाडीची मागणी तर कधीचीच आहे.

“मळेवाडीचंच तर अवघड आहे,” आबासाहेब म्हणाले. “रतनबाई तुमच्याच गावच्या. लढाईत पडलेल्या त्यांच्या पोराच्या फोटोला मी हार घातलाय, पेपरात छापून आलंय. आता मीच उठून म्हणू का, त्याच लोकांना पान पाठवा? त्या माउलीला काय वाटेल?”

परतीच्या एस्टीत पुंजारामला बसायला जागा मिळाली, पण झोप लागली नाही. रतनबाईला काय वाटेल हे तिला कुणी विचारलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानंही विचारलं नव्हतं. गावानं पान धरलं तेव्हा रतनबाईनंही धरलं होतं, एवढंच त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या मळ्यावर गेला. पायातल्या वहाणा बांधावर काढल्या. पानमळ्यात कुणी पायताण घालून जात नाही, वेल म्हणजे देव. रतनबाई तर वहाणा वापरतच नसे. सगळा जन्म मळ्यात गेलेल्या बाईला त्या काढण्या-घालण्याचा कंटाळा. तिचा नवरा कानिफनाथ पुंजारामचा जिवाभावाचा मित्र होता. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा भीमा फौजेत होता, तो मागल्या लढाईत पश्चिमेच्या सरहद्दीवर पडला. सून मनकर्णा खडी फोडायला जायची. सासू घागरीनं वेलांना पाणी घालायची.

पुंजारामला सुरुवात कशी करावी कळेना. तो पाण्याबद्दल बोलला, किडीबद्दल बोलला, मनकर्णेची विचारपूस केली. रतनबाईनं घागर खाली ठेवली.

“भावजी, तुमी नगराहून आल्यावर कदी माझ्याकडं आला न्हाईत. आज आलाय. काय आसंल ते बोला.”

मग त्यानं सगळं सांगितलं. आबासाहेब काय म्हणाले, यादी म्हणजे काय, आणि तिच्या नावापाशी येऊन सगळं कसं अडलंय. बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. एका आईकडे तिचं दुःख बाजूला ठेव म्हणून मागायला आलोय, असं त्याला वाटत होतं.

रतनबाई वेलाच्या पानांवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, “भीमा ल्हान हुता तवा कराचीच्या करंडीत निजायचा. पेंढ्यात गुरगुटून. ह्यांना मोठी गंमत वाटायची. म्हनायचे, ह्यालाबी धाडून देतो कराचीला. आता ते आठवलं की पोटात तुटतं. पन त्याला पानानं मारलं न्हाई, भावजी. तिकडं पान खानाऱ्या म्हातारीनं बी मारलं न्हाई.”

पुंजारामच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यानं पुसलंही नाही.

“मला न्या आबासायबाकडं,” रतनबाई म्हणाली. “मी सांगते.”

दोघं दुसऱ्या दिवशीच निघाली. सकाळचं पाणी घालून रतनबाई तशीच एस्टीत बसली. पायांना मळ्यातली ओली माती होती, ती नगर येईपर्यंत वाळून पांढरी झाली. त्या दिवशी बंगल्यात वाट पाहावी लागली नाही. गड्यानं आत जाऊन नाव सांगितलं आणि आबासाहेब स्वतः बाहेर आले. तिला खुर्चीवर बसायचा आग्रह केला. ती खाली फरशीवर बसली, तेव्हा तेही खुर्चीवरून उठून खाली बसले. माणूस म्हणून ते वाईट नव्हते, हे पुंजाराम पुढेही सगळ्यांना सांगत असे, आणि लोक त्याच्यावर चिडत.

“आबासायेब,” रतनबाई म्हणाली, “माझ्या नावानं कुनाचं पान आडवू नका. पोरगं गेलं, ते काय माघारी येत न्हाई. आता येल बी घालवू का? त्याच्या बापानं लावल्याला हाय.”

आबासाहेबांनी उपरण्यानं डोळे टिपले. ते रडणं खरं होतं, पुंजाराम हातभर अंतरावर बसला होता. त्यांनी तिचे हात हातात घेतले आणि म्हणाले की तुम्ही माझी मोठी सुटका केलीत. सोनईच्या बाजाराच्या दिवशी सभा आहे, तुम्ही व्यासपीठावर माझ्या शेजारी बसा. तुमच्या देखत मी सगळ्यांना सांगतो की या माउलीचीच इच्छा आहे, पान जाऊ द्या. मग कुणाची बोलायची छाती आहे? त्यांनी तिला लुगडं दिलं, पुंजारामला जेवायला घातलं, आणि एस्टी स्टँडपर्यंत गाडीनं सोडलं.

मळेवाडीत त्या रात्री सगळे लवकर झोपले. कित्येक दिवसांत असं झालं नव्हतं. सोसायटीतला छगन नावाचा एक तोंडाळ गडी पहिल्यापासून पान धरण्याच्या विरोधात होता. त्यानंही आपल्या विहिरीचं तळातलं पाणी पहाटे उपसून पानांना दिलं. निजवण्यापुरतं राखून ठेवलेलं पाणी होतं ते. पुंजारामनं ते पाहिलं आणि मनाशी म्हटलं की आता काही राहिलं नाही. होऊन जाऊ दे.

सभेला बाजारचं सगळं मैदान भरलं होतं. खडी फोडणारी माणसं अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली म्हणून आली होती. त्यांच्या अंगावर दगडाची पांढरी भुकटी तशीच होती. मुंबईहून एक मंत्री आले होते. त्यांचं येणं आदल्या दिवशी ठरलं होतं, असं पुंजारामला तिथं गेल्यावर कळलं. रतनबाई व्यासपीठावर आबासाहेबांच्या शेजारी बसली होती. नवं लुगडं, पाय उघडे, डोक्यावर पदर. मळेवाडीची माणसं पुढच्या रांगेत बसली होती.

मंत्री आधी बोलले. दुष्काळाबद्दल बोलायला लागले तेव्हा लोकांतून कुणीतरी ओरडलं की धान्य कुठाय, आणि हळूहळू गलका वाढला. मंत्री घाबरले नाहीत. त्यांनी आवाज चढवला आणि शत्रूवर आले. शेजारी दबा धरून बसलाय, आणि आपल्यातले काही लोक त्याच्याशी दुकानदारी करायला निघालेत, असं म्हणताच मैदान कसं एकदम एका सुरात आलं. धान्य विचारणारा गप्प बसला. टाळ्या पडल्या. मंत्री रुमालानं मान पुसत खाली बसले.

मग आबासाहेब उठले. त्यांनी रतनबाईला नमस्कार केला. सुरुवात त्यांनी ठरल्याप्रमाणेच केली, आणि पुंजारामचे हात गुडघ्यांवर घट्ट झाले. ते म्हणाले की परवा ही वीरमाता अनवाणी माझ्या दारी आली. तिच्या पायांना मळ्यातली माती होती. ती खाली फरशीवर बसली आणि मला म्हणाली...

इथं ते थांबले. पुंजारामनं त्यांच्याकडे पाहिलं. आबासाहेब लोकांकडे पाहत होते. दगडाच्या भुकटीनं पांढरी झालेली ती तोंडं वर करून बसली होती, अजून मंत्र्यांच्या भाषणानं तापलेली, आणि पुढच्या शब्दाची वाट पाहत होती. मग आबासाहेबांनी एकदा मंत्र्यांकडे पाहिलं. मंत्री हसून मान हलवत होते, चालू द्या म्हणत होते. हे सगळं इतकं थोडक्यात झालं की दुसऱ्या कुणाला ते वक्त्याचं थांबणंच वाटलं असेल. पुंजारामला कळलं की आता हा माणूस कच खाणार.

“मला म्हणाली, आबासाहेब,” त्यांचा आवाज भरून आला, आणि तोही खराच होता, “माझा एकुलता एक वाघ त्या मातीत पडलाय. माझा मळा जळाला तरी चालेल, पण या जिल्ह्याचं एक पानसुद्धा तिकडे जाऊ देऊ नका!”

मैदान उसळलं. टोप्या वर उडाल्या. भीमाच्या नावाचा जयजयकार झाला आणि तो थांबेचना. पुढच्या रांगेत मळेवाडी बसली होती. तिचीच पानं वेलावर पिवळी पडायला आली होती. ती माणसंही टाळ्या वाजवत होती. छगन उभा राहून वाजवत होता. भीमा गावचा पोरगा होता, त्याचं नाव घेतल्यावर हात बांधून कोण बसणार? आणि पुंजारामनं खाली पाहिलं तेव्हा त्याचेही हात वाजत होते. ते कधी सुरू झाले ते त्याला कळलं नव्हतं. त्यानं ते लगेच थांबवलेही नाहीत. सगळे वाजवत असताना आपण थांबलो तर दिसेल, असं त्याच्या मनात आलं.

सभा संपल्यावर आबासाहेबांनी गाडीपाशी त्याला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता. ते म्हणाले की आज वेळ नव्हती, मंत्री समोर होते, लोकांचा रंग तुम्ही पाहिलात. दिल्लीत आतून प्रयत्न चालू आहेत, गावाला म्हणावं आणखी थोडं थांबा. गाडी गेली. पुंजाराम तिथंच एका दगडावर बसला. भांडायला जी ताकद लागते ती त्याच्यात उरली नव्हती, आणि तिची गरजही वाटेनाशी झाली होती.

उजाडताच तो घरोघर गेला. थांबू नका म्हणाला. पान खुडून शेळ्यांना घाला, आणि जिथं कुठं चार घागरी ओल असेल तिथं वेल उतरवून निजवा, जगला तर जगला. कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. छगनच्या विहिरीत चिखल होता. तो विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला होता आणि नुसता चिखलाकडे बघत होता.

रतनबाईचा मळा त्यानं मुद्दाम शेवटी ठेवला. ती आधीच कामाला लागली होती. शेवरीला बांधलेलं लव्हाळं सोडून तिनं एक वेल उतरवला होता, आणि त्याची वेटोळी करून खड्ड्यात बसवत होती. जाड पानांचा ढीग बांधावर पडला होता. पुंजाराम वहाणा काढून आत गेला आणि तिच्या समोर उकिडवा बसला. वेलाचं दुसरं टोक त्यानं हातात धरलं.

“भावजी, एक इचारू?” ती वर न बघता म्हणाली. “मी त्यास्नी नीट सांगितलं हुतं ना? का माझंच बोलनं चुकलं?”

रात्रभर ही बाई हेच उगाळत बसली असणार, हे पुंजारामला कळलं.

“न्हाई वैनी. तुमी नीट सांगितलं. त्यास्नी बी नीट कळलं हुतं.”

तिनं खड्ड्यात माती लोटली आणि तळव्यानं दाबली. नंतर घागरीच्या तळातलं पाणी ओंजळीनं त्यावर शिंपडलं. पुंजारामला वाटलं की आता ती आबासाहेबांना बोल लावील, निदान नशिबाला तरी लावील. आपणही हूं म्हणू आणि सुटू.

“टाळ्या मीबी वाजवल्या, वैनी,” तो म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं, पण ते पोटात ठेवून तिच्यासमोर बसणं त्याला होईना.

“ठावं हाय मला,” रतनबाई म्हणाली. “मी वर बसले हुते. वरून समदी दिसत हुती.”

मग तिनं पुढच्या शेवरीचं लव्हाळं सोडायला हात घातला, आणि त्याला म्हणाली की जायची घाई नसेल तर वेल धरा, एकटीनं उतरवताना मोडतोय.